व्यवसायाचा रकाना

माझ्या अशिलाचा अर्ज तिला वाचून न दाखवताच मी ‘मजकूर मराठीतून वाचून दाखवला, समजावून सांगितला, बरोबर असल्याचे मान्य केले’ असा शेरा लिहिला आणि खाली सही ठोकली. चूक एवढीच. करायला अर्धं मिनिट लागलं. निस्तरायला सव्वा वर्ष लागलं, आणि ती मीच निस्तरली असं छातीवर हात ठेवून मला आजही म्हणता येत नाही.

तेव्हा मी पस्तिशीला टेकलो होतो आणि शिवाजीनगरच्या कोर्टात मोटार अपघातातल्या नुकसानभरपाईचे दावे चालवत होतो. कुणाचा पाय गेलेला, कुणाचा डोळा, कुणाच्या घरातलं कर्तं माणूस. त्यांच्या वतीनं विमा कंपनीशी भांडायचं, हा धंदा. त्यात मी काही ध्येयानं शिरलो नव्हतो. आधी एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली घरमालक-भाडेकरूंच्या दाव्यांत उमेदवारी करत होतो. एकदा ते गावाला गेलेले असताना मी एका भाडेकरूच्या बाजूनं वीस मिनिटं तावातावानं युक्तिवाद केला. न्यायाधीशांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, “चांगलं बोललात. आता हेच शेजारच्या कोर्टात जाऊन बोला. तुमचं प्रकरण तिकडे आहे.” त्याच आठवड्यात ज्येष्ठांनी मला सुचवलं, की तरुण वकिलांनी आता अपघाताच्या दाव्यांकडे वळायला हवं.

ते जग मला सुरुवातीला रुचलं नाही. जखमी माणसाच्या नातेवाइकांना हॉस्पिटलच्या दारातच गाठून वकिलाकडे आणणारे दलाल होते. आणि अर्ज असे लिहिले जात, की पुण्यात अपघात फक्त भरपूर कमावणाऱ्यांनाच होतात असं वाटावं. रोजंदारीवरचा माणूस अर्जात मुकादम व्हायचा, सायकलवरून अंडी विकणारा घाऊक व्यापारी. मला त्याची चीड होती. मी मास्तराचा मुलगा. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत वाढलेला. माझ्या अर्जात एक शब्द खोटा सापडणार नाही, असं मी बाररूममध्ये कुणी विचारलेलं नसताना सांगत असे. लोक ऐकून घेत आणि चहा माझ्या खात्यावर सांगत.

शिवाय मी समाजकार्य करायचो. हा शब्द लिहिताना आता माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात, पण तेव्हा व्हायच्या नाहीत. शाळाशाळांतून रस्ता कसा ओलांडावा यावर व्याख्यानं द्यायचो. असंच एक व्याख्यान देऊन बाहेर पडताना मला एका दूधवाल्याच्या सायकलनं उडवलं होतं आणि चौथी-ब चा अख्खा वर्ग खिडकीतून बघत होता. आणि दर रविवारी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या खोलीत, गणपतीच्या सतरंज्या आणि ढोल यांच्यामध्ये टेबल टाकून लोकांना फुकट सल्ला द्यायचो. भिंतीवर पाटी होती: ‘मोफत कायदेविषयक सल्ला. वेळ १० ते १२. मुद्द्याचेच बोलावे.’ शेवटची ओळ मंडळाची नव्हती. ती मी रंगाऱ्याकडून मुद्दाम वाढवून घेतली होती.

अशाच एका रविवारी धायरीहून दोघं आली. धायरी तेव्हा गाव होतं, शेतं होती, पुण्याला जायचं म्हणजे सिंहगड रस्त्यावरच्या फाट्यावर येऊन उभं राहायचं. पन्नाशीचा एक गृहस्थ, पांढरी टोपी, करकरीत धोतर. त्याच्यामागे त्याची विधवा भावजय, माझ्याच वयाची असेल. तिचा उजवा हात कोपराच्या वरून कापलेला होता. फाट्यावर उभी असताना एका ट्रकनं रस्ता सोडून तिला भिंतीशी चेपलं होतं. गृहस्थ खुर्चीवर बसले. ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली. बसा म्हणायचं मला सुचलं नाही, कारण दुसऱ्या खुर्चीवर माझी बॅग होती.

छापील फॉर्म मी तिथंच भरायला घेतला. तो इंग्रजीत भरायचा असे. माझं इंग्रजी अक्षर मोत्यासारखं, आणि ते कुणी तरी बघत असलं की जास्तच. नाव, वय, पत्ता झालं. मग व्यवसायाचा रकाना आला.

“या काय करतात?” मी विचारलं. तिला नाही, तिच्या दिराला.

“काय म्हंजी?”

“म्हणजे कामाला वगैरे कुठे जातात का?”

त्यांचा चेहरा कडक झाला. “आमच्या घरच्या बाया कुणाच्या कामाला जात न्हाईत, साहेब. घरची जिमीन हाय. भाऊ गेला, पर आमी तिला उघडी टाकली न्हाई. घरीच असती ती.”

दाराशी हालचाल झाली. “तसं न्हवं, मी सकाळच्याला...”

मी हात वर केला. “एक मिनिट हं, बाई.” आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. तिला वाचता येत नव्हतं. बोट मात्र समजलं.

मी लिहिलं: व्यवसाय, गृहिणी. उत्पन्न, निरंक. आणि खरं सांगतो, निरंक लिहिताना मला अभिमान वाटला. कोर्टात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कुठल्याही वकिलानं या बाईला शिवणक्लास काढून दिला असता, दोन म्हशी दिल्या असत्या. मी दिल्या नाहीत. मी खोटं लिहीत नाही.

उजवा हात नव्हता, म्हणून डावा अंगठा शाईच्या गादीवर टेकवून घेतला. डाव्या हाताला सवय नव्हती, ठसा जरा फिरला. खाली तो शेरा लिहायचा होता. बाराला दहा मिनिटं कमी होती आणि घरी अळूची भाजी होती. मी शेरा लिहिला, सही केली, टोपण लावलं आणि “काळजी करू नका” म्हणालो. काळजी करायला मी त्यांच्यासाठी काही ठेवलंच नव्हतं, इतका मी खुशीत होतो.

साक्षीची वेळ यायला वर्षभर गेलं. साक्षीच्या आधी मी तिला शिकवलं: विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. हो तर हो, नाही तर नाही. आपणहून काही सांगत बसायचं नाही. ती मान हलवत होती. ती बोलायला लागली असती तर त्याच दिवशी सगळं बाहेर आलं असतं, पण गप्प कसं राहायचं हेच तर मी शिकवत होतो.

विमा कंपनीचे वकील माझ्याहून वीस वर्षांनी मोठे होते. सदाशिव पेठेतले, आवाज कधी चढायचा नाही, आणि चष्मा पुसायला लागले की समजायचं, आता कुणाचं तरी काही खरं नाही. माझे प्रश्न संपल्यावर ते चष्मा पुसत उठले.

“बाई, हा अंगठा तुमचा?”

“व्हय.”

“या अर्जात लिहिलंय, की तुम्ही काही कामधंदा करत नव्हतात. कमाई काही नव्हती. बरोबर?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. “न्हाई. मी मंडईत बसत व्हते. भाजी इकत व्हते.”

माझ्या हातातलं पेन थांबलं. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

“केव्हापासून?”

“लगीन झाल्यापासनं. सासूच्या जागंवर.”

“मग अर्जात तसं का नाही?”

“मला काय ठावं.”

“तुम्हाला ठाऊक असायला हवं,” ते हळू आवाजात म्हणाले. “कारण इथे तुमच्या वकिलांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, की अर्ज तुम्हाला वाचून दाखवला. सुंदर अक्षर आहे. दाखवला होता का वाचून?”

तिनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी फायलीकडे बघितलं. फायलीत त्या क्षणी बघण्यासारखं काही नव्हतं. पण माझी मान वर होईना. एक वाक्य पुरेसं होतं. मी उठून ‘नाही, दाखवला नव्हता’ म्हणालो असतो, तर तिची सुटका होती. मी फायलीचा बंद उगाच सोडला आणि परत बांधला.

“व्हय,” ती म्हणाली. “दावला व्हता.”

“समजावून सांगितला होता?”

“व्हय.”

“आणि बरोबर आहे, असं तुम्ही म्हणालात?”

“व्हय.”

“म्हणजे मंडई मागाहून आठवली,” असं म्हणून ते खाली बसले.

न्यायाधीशांनी मला विचारलं, काही फेरतपासणी आहे का. म्हणजे मला तिला पुन्हा प्रश्न विचारायची संधी होती, तिथंच, तेव्हाच. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “नाही, साहेब.” आयुष्यात मी कोर्टात पुष्कळ मूर्खासारखं बोललो आहे. ते सगळं मी लोकांना रंगवून सांगतो आणि लोक हसतात. हे दोन शब्द मी आजवर कुणाला रंगवून सांगू शकलेलो नाही.

बाहेर व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. दीर टोपी काढून हातात फिरवत होते. “मीच म्हणलं व्हतं, घरी असती म्हणून,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “तुमी कामाला जाती का म्हणालात. मला वाटलं, मजुरीला. मंडई म्हंजी काय कामाला जाणं न्हवं, साहेब. आपला माल, आपली जागा.”

माझ्या प्रश्नातली चूक मला त्यांनी दाखवली, तीही स्वतःकडे दोष घेऊन.

“तुम्ही खोटं का सांगितलंत?” मी तिला विचारलं. “मी वाचून दाखवला नव्हता.”

“तुमी वकील आपलं,” ती म्हणाली. “चारचौघांत आपल्या माणसाला मान खाली घालाया लावायची व्हय?” मग थोडं थांबून म्हणाली, “त्या कागदावर मी बसून खात व्हते असं लिवलंय का?”

“तसं नाही. निरंक म्हणजे कायद्याच्या भाषेत...”

“बसून खात व्हते, असंच ना?”

मी हो म्हणालो.

“मालक गेल्यापास्नं एक दिस मी दुसऱ्याचं खाल्लं न्हाई. आता खातीया. दीर चांगलं हायती, काय म्हणत न्हाईत. पर पयलं तसं न्हवतं. सरकार काय देईल ते देईल, न्हाई तर न्हाई. तेवढं खोडा, वकीलसाहेब. सरकारच्या कागदावर तसं ठेवू नका.”

त्यांना फाट्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवून मी घरी आलो. बायको ओट्यापाशी मेथी निवडत होती. झालेलं मी तिला सांगितलं. सांगताना माझी बाजू थोडी उजळ केली, म्हणजे दीर बोलू देत नव्हते, वेळ कमी होता, वगैरे. तिनं काड्या बाजूला टाकल्या.

“अहो, ही मेथी कुठून येते असं वाटतं तुम्हाला?”

“मंडईतून.”

“मंडईत उगवते का? धायरीच्या, नऱ्ह्याच्या, खडकवासल्याच्या बायका घेऊन येतात. आठ वर्षं मी त्यांच्याकडून घेतेय. तुम्हाला चहा मिळतो त्याच्या आधी त्यांचा निम्मा माल विकून झालेला असतो.” तिनं पुढची जुडी सोडली. “बरं, ते एक वेळ तुम्हाला माहीत नसेल. पण वाचून दाखवला नव्हता, तर दाखवला म्हणून सही कशाला केलीत?”

मी फाईल उघडून बसलो. त्या फायलीत पोलिसांचा पंचनामा होता. तो मी शंभर वेळा वाचला होता. ट्रकच्या चाकांच्या खुणा किती फूट, भिंतीपासून अंतर किती, ते सगळं मी लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं. अधोरेखित ओळीच्या बरोबर खालची ओळ अशी होती: ‘घटनास्थळी वेताच्या दोन टोपल्या उपड्या पडलेल्या असून मेथी व कोथिंबिरीच्या जुड्या रस्त्यावर विखुरलेल्या आहेत.’ हवालदाराला जे दिसलं ते त्यानं लिहिलं होतं. मला चाकांच्या खुणाच दिसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडईत गेलो. बाहेरच्या बाजूला, जिथे खेड्यांतल्या बायका ओळीनं जमिनीवर बसतात, तिथे विचारत विचारत पोचलो. एका लिंबू-आलेवाल्या म्हातारीच्या शेजारी एक जागा मोकळी होती. तिथे फक्त एक टोपली उपडी घातलेली होती. मी तिथे उभा राहायला गेलो.

“ओ! तिथं न्हाई. जागा भरलेली हाय.”

“कुणाची आहे?”

“हाय एकीची. आजारी हाय. आली की बसंल.”

त्यांच्यात ती रीत होती. कुणी आजारी पडलं, बाळंतपणाला गेलं, की शेजारची तिच्या जागेवर टोपली उपडी घालायची. मग तिथे दुसरं कुणी बसत नसे. मी म्हातारीला म्हणालो, की त्या बाईंचा हात गेलाय. दीड वर्ष झालं. डॉक्टरांचा दाखला माझ्याकडे आहे, तो हात परत येणार नाही.

“ठावं हाय की,” म्हातारी म्हणाली. “हात बगून का टोपली ठेवत्यात?” मग तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “तुमी कोण?”

“मी त्यांचा वकील.”

ओळीतल्या चार बायकांच्या माना वळल्या. कालची बातमी फाट्यावरून माझ्या आधी पोचली होती.

“मंजे ती घरी बसती असं लिवणारं ते तुमीच?”

“हो.”

“लई शिकलेलं दिसता,” म्हातारी म्हणाली आणि लिंबांवर पाणी मारलं. त्यातलं थोडं माझ्या बुटांवर पडलं.

अर्जात दुरुस्ती मागायची, तर ती आधी का केली नाही याचं कारण द्यावं लागतं. बाररूममध्ये सगळे एकमुखानं म्हणाले, टायपिस्टची चूक म्हणून सांग, कोर्टात रोज चार टायपिस्ट चुकतात. पण फॉर्म हातानं भरलेला होता आणि माझं अक्षर अख्खं कोर्ट ओळखत होतं. मग मी माझ्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा करायला बसलो. पहिल्यात ‘अनवधानाने’ असा शब्द होता. दुसऱ्यात ‘अर्जदाराच्या नातेवाइकांनी दिलेल्या अपुऱ्या माहितीमुळे’. तो वाचल्यावर मला त्या गृहस्थांची हातात फिरणारी टोपी आठवली आणि मी तो फाडला. तिसऱ्यात एवढंच उरलं: अर्जदारास व्यवसाय काय, हे मी विचारले नाही. ती सांगत असता मी तिला थांबवले. अर्ज तिला वाचून दाखवला नाही. वाचून दाखवल्याचा शेरा खोटा असून तो माझ्या हातचा आहे.

ज्याच्या अर्जात खोटा शब्द सापडत नाही, त्याचं हे प्रतिज्ञापत्र. ते भरकोर्टात वाचलं गेलं तेव्हा मागच्या बाकांवर बरेच वकील बसले होते. त्या दिवशी त्यांचं तिथे काही काम नव्हतं.

न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं. तिला समोर बोलावून विचारलं, “मग बाई, परवा तुम्ही वाचून दाखवला म्हणालात, ते?”

“वकीलसाहेब समोर व्हते,” ती म्हणाली. “न्हाई कसं म्हनू?”

न्यायाधीश माझ्याकडे वळले. “म्हणजे वकिलाला वाचवायला अशील खोटं बोललं. या कोर्टात सहसा उलटं होतं.” दुरुस्तीला त्यांनी परवानगी दिली, तिला पुन्हा साक्षीला उभं करायचीही दिली, आणि माझ्याबद्दल आदेशात दोन वाक्यं लिहिली. ती माझ्याकडे आहेत. मी ती इथे उतरवत नाही. ती बरोबर आहेत, एवढं सांगतो.

बाहेर पडताना विमा कंपनीचे वकील माझ्याबरोबर जिना उतरले. मला वाटलं, काही तरी टोचून बोलतील. ते म्हणाले, “तुम्हाला एक सांगू? आम्ही कुणीच वाचून दाखवत नाही.” आणि सायकलचं कुलूप काढून निघून गेले. हे सांत्वन होतं की कबुली, हे मला त्यांच्या हयातीत विचारता आलं नाही.

पुढच्या तारखेला लिंबू-आलेवाली म्हातारी साक्षीला आली. त्याच वकिलांनी तिला विचारलं, “ही बाई भाजी विकत होती, याचा काही कागद आहे का तुमच्याकडे?”

“भाजीला कागद कशाला? पदरात घेत्यात की.”

“तसं नाही. पुरावा काय?”

“तुमच्या घरी भाजी कोण आणतं?”

“प्रश्न मी विचारायचे, आजी.”

“मग इचारा की. घरी जाऊन बायकोला इचारा. मेथीवाली कुटं गेली, म्हणून वरीसभर सदाशिव पेठंतल्या बायका आमास्नी इचारत व्हत्या.”

चष्मा पुसायचं विसरून ते खाली बसले. मी पंचनाम्यातली टोपल्यांची ओळ वाचून दाखवली. त्या दिवसापासून मी कोर्टात काहीही मोठ्यानं वाचायला लागलो की बाररूमचे मित्र एकमेकांना कोपरानं ढोसत.

दरम्यान मंडळाच्या खोलीतली पाटी मी रंगाऱ्याकडून परत रंगवून घेतली. शेवटची ओळ काढली. तिथे पांढरा रंग जरा जाड बसला, त्यामुळे नीट बघितलं तर ती ओळ खालून दिसतच असे. आणि प्रश्न विचारायची पद्धत बदलली. ‘काय करता?’ असं विचारणं मी सोडून दिलं. समोरच्याला म्हणायचो, सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा. ‘मी काही करत नाही’ म्हणणारी एक बाई तीन घरची धुणी करून पाळणाघर चालवत होती. पाय मोडलेले एक आजोबा स्वतःला रिकामटेकडे म्हणवत होते आणि गल्लीतल्या निम्म्या घरांच्या इस्त्रीचे कपडे त्यांच्याकडे होते. बारा वाजता बंद होणारी खोली दोनला बंद व्हायला लागली. घरचं जेवण गार मिळू लागलं. बायको म्हणाली, “हे आधी सुचलं असतं, तर निदान तेव्हा तरी गरम जेवल्याचं समाधान नसतं.” त्या वाक्याचा अर्थ मी अजून नीट लावतो आहे.

निकाल तिच्या बाजूनं लागला. रक्कम मी मागितली होती त्याहून कमी, विमा कंपनी देणार होती त्याहून पुष्कळ जास्त. असे निकाल लागतात तसा. प्रमाणित नक्कल हातात पडली, तेव्हा मला कळलं की ती धायरीत भेटणार नाही. ती मंडईत परत बसायला लागली होती. जुड्या घरी तिची जाऊ बांधून देत असे. फाट्यापर्यंत टोपली कोण आणतं, हे नंतर मला म्हातारीनं सांगितलं: पांढरी टोपी घातलेले तिचे दीर. तेच टोपली उचलून टेम्पोत ठेवत.

मी सकाळी गेलो. उपडी टोपली आता सरळ झालेली होती आणि मेथीनं भरलेली होती. ती डाव्या हातानं जुडी उचलायची, उजव्या खांद्याशी उरलेल्या हाताखाली दाबून धरायची आणि सुटे पैसे मोजून द्यायची. तिच्यासमोर भाजीची एक रिकामी पाटी पालथी होती, तिच्यावर मी बसलो. निकालाची नक्कल काढली. ती म्हणाली, “वाचा.”

मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. अर्ज क्रमांक, पक्षकार, सगळं. इंग्रजी वाक्य वाचायचं, मग मराठीत सांगायचं. एक ओळ सोडली नाही. लिंबू-आलेवाली कान देऊन ऐकत होती. ओळीतल्या बाकीच्याही ऐकत होत्या. दोन-चार गिऱ्हाइकं पिशव्या हातात धरून उभी राहिली. सातव्या पानावर ती ओळ आली. मी आवाज थोडा सावकाश केला: अर्जदार ही अपघातापूर्वी मंडईत भाजीविक्रीचा व्यवसाय करत होती आणि स्वतःच्या कमाईवर स्वतःचे पोट भरत होती, असे हे न्यायाधिकरण मानते.

तिचा हात थांबला. “परत वाचा.”

मी परत वाचलं.

“सरकारनं लिवलंय?”

“हो. शिक्का आहे. हा बघा.”

तिनं ओल्या हाताचा अंगठा पदराला पुसला आणि त्या ओळीवर टेकवला. शाई नव्हती, त्यामुळे काही उमटलं नाही. नुसता टेकवला आणि उचलला. म्हातारीनं लिंबाच्या ढिगाकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी कोर्टात मी मान खाली घातली होती, त्याबद्दल मला तिची माफी मागायची होती. ती चारचौघांत मागावी, असं मनात ठरवूनच मी आलो होतो. दोन वाक्यं पाठही केली होती. मी कागद मांडीवर ठेवला, चष्मा काढला आणि सुरुवात केली, “बाई, त्या दिवशी मी...”

तिनं डावा हात वर केला.

“एक मिनिट हं, वकीलसाहेब,” ती म्हणाली. “जरा बाजूला सरका. तुमी म्होरं बसल्यापास्नं एक जुडी खपली न्हाई.”